मावांगवाले मामा

ये गं, अशी जवळ ये. दारात काय उभी राहतेस, मीटर बघायला आल्यासारखी? बस इथं पलंगावर. आणि खोटं बोलू नकोस, जिना चढत होतीस तेव्हाच ऐकलं मी सगळं. छातीत लोहाराचा भाता घेऊन फिरतेस आणि वर म्हणतेस, 'काही नाही गं आजी, जरा धूळ गेली.' डॉक्टरला दाखवलंस? नाही. का, तर वेळ नाही. आणि फोनवरून ही चिनी काड्यांची पुडी मागवायला बरा वेळ मिळाला! दे इकडं. चष्मा राहू दे, मला वाचायची गरजच नाही, वासावरून सांगते. जुन्या केरसुणीत सुंठ सांडल्यासारखा वास. मावांग. आता डोळे मोठे करू नकोस. पुण्याला गेलीस की आधी डॉक्टर, मग बाकीचं. पण ह्या काड्यांची आणि माझी जुनी ओळख आहे. ह्या नसत्या तर तुझे आजोबा मला मिळाले नसते, आणि तू आज कुणाच्या तरी भलत्याच्याच जिन्यात खोकत बसली असतीस.

तेव्हा आम्ही कोरेगावला राहायचो, स्टेशनाजवळ. माझे वडील रेल्वेत पॉइंटमन, म्हणजे गाडी यायच्या आधी सांधा ओढून रूळ बदलणारे. कोळशाची इंजिनं होती. गाडी आली की वाळत घातलेलं पातळ काळं आणि माझी छाती बंद. श्वास घेतला की आतून शिट्टी वाजायची, बारीक, लांबलचक. वडील गमतीनं म्हणायचे, "ऐका, डाऊन गाडी आली." आईला नाही ती गंमत वाटायची.

आणि ज्यांच्या घरात आम्ही भाड्यानं राहायचो, ते हे मामा. तसे ते कुणाचेच मामा नव्हते. मिल्ट्रीतून आलेले, उंच, वाळके, मिशा पांढऱ्या, आणि मे महिन्यातसुद्धा अंगात लष्करी कोट. लढाईच्या काळात ते मलायात होते. तिथं एका चिनी औषधवाल्याच्या दुकानात म्हणे ते राहिले आणि दम्याची विद्या शिकले. हा औषधवाला म्हणजे मामांचा 'उस्ताद'. उस्तादाची दाढी गुडघ्यापर्यंत होती असं ते सोमवारी सांगायचे, आणि गुरुवारी सांगायचे की उस्ताद ही विधवा बाई होती आणि चुकलं की पळीनं मारायची.

वडील विचारायचे, "मामा, काल दाढी हुती की."

"दुकान दोघांचं हुतं!" मामा सांगून मोकळे.

मामांची बायको वाईला माहेरी जाऊन बसलेली. उस्तादाच्या गोष्टी ऐकून कान किटले म्हणाली आणि गेली. भांडण नव्हतं बरं. सणाला यायची, पुरणपोळ्या करायची, मामांना जीभ दाखवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

जीभ दाखवायची म्हणजे काय, तर तो मामांचा रामराम होता. रस्त्यात कुणी भेटलं की दुसरे लोक 'काय, बरं हाय का' म्हणतात. मामा म्हणायचे, "जीब काढ." मग तो पोस्टमन असो, मास्तर असो नाहीतर लग्नाला चाललेला नवरदेव असो. आणि जीभ बघून सगळं सांगायचे. एकदा ऐन श्रावणात समोरचे पाटील बायकोला घेऊन चाललेले. मोठे उसाचे बागायतदार, महिनाभर एकवेळ जेवतात म्हणून सगळीकडं त्यांचं नाव. मामांनी जीभ काढायला लावली आणि भर रस्त्यात म्हणाले, "पाटील, कोंबडी बरी शिजली न्हवती." पाटलीणबाई तिथंच थांबल्या. पाटील पुढं गेले, आणि पुढं पुष्कळ दिवस एकटेच जात राहिले.

आम्हांला खोली मिळाली ती गोष्टही तशीच. तुला ठाऊक आहे, आपल्या घरात छप्पन्न सालानंतर नवा धम्म आला. वडिलांनी जुने देव काढले आणि बुद्धाचा फोटो लावला. पण खोली मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग 'खोली कालच दिली की हो' म्हणायचे. कोरेगावात अशा पुष्कळ खोल्या कालच गेलेल्या होत्या. शेवटी हातगाडीवर सामान टाकून आम्ही सगळे रस्त्यात उभे. फोटो आईच्या हातात. मामा ओसरीवर बसलेले, ते एकदम उठून आले आणि फोटोपुढं ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकला.

"हे तर माझ्या उस्तादाच्या दुकानात हुते, बरोबर गल्ल्याच्या वर! उन्हात का धरलंय? आत घ्या, आत घ्या!"

वडील म्हणाले, "मामा, आमी कोण ते आधी..."

"उस्तादाच्या घरचे," मामा म्हणाले. "जीब काढा."

अशी आम्हांला खोली मिळाली. गल्लीत कुरकुर झाली. दोघंतिघं मामांना समजवायला आले. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्याला ज्याला तरास हुतोय त्यानं जीब दाखवावी, पित्त असंल." दाखवली नाही कुणी. पाटलांचं उदाहरण ताजं होतं ना!

मामांची ओसरी म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. दारापासून खांबापर्यंत संत्र्यांच्या सालींच्या माळाच माळा, तोरणासारख्या. साल जितकी जुनी तितकी छातीला चांगली, असं उस्तादाचं म्हणणं. म्हणून हिवाळ्यात मामा फलाटावर जायचे आणि गाडी थांबली की खिडकीखिडकीतून हात घालायचे, "साल टाकू नगा, इकडं द्या!" पॅशिंजर घाबरून संत्रंच देऊन टाकायचे. मामा बाणेदार, साल काढून घेऊन संत्रं परत करायचे.

आणि मावांग. ह्या हिरव्या-पिवळ्या काड्या त्यांच्या पलटणीतल्या एका दोस्ताचा मुलगा लडाखहून पाठवायचा. तिकडं डोंगरावर उगवतात म्हणे. पहिल्यांदा पार्सल आलं तेव्हा आईला वाटलं, मामांनी मोडकी केरसुणी मागवली. तिनं बिचारीनं काड्यांची मोळी बांधून ओसरी झाडली. मामा आले, बघितलं आणि खांबाला धरून बसले. म्हणाले, "ताई, ह्या ओसरीला आता जन्मात दमा हुनार न्हाई."

ह्या काड्या, ज्येष्ठमध, दालचिनी आणि जर्दाळूच्या बिया असं काय काय मातीच्या मडक्यात उकळायचं. धातूचा चमचा लावायचा नाही, उकळताना रागवायचं नाही, आणि मडक्याकडं पाठ करायची नाही. हा शेवटचा नियम उस्तादाचा की मामांचा ते समजलं नाही, पण चुलीपासून दारापर्यंत मामा उलटे चालत जायचे हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दमा म्हणजे काय, हे ते सगळ्यांना एकाच तऱ्हेनं समजवायचे. स्टेशनाजवळचा माणूस, दुसरं काय करणार! "छातीत सिंगल लाइन हाय. आत जानारी गाडी आन् भाईर येनारी गाडी, दोनी एकाच रुळावर. सांधा अडकला की दोनी उभ्या. माझं औषिद म्हंजे पॉइंटमन." हे ऐकलं की माझे वडील छाती पुढं काढून बसायचे. त्यांच्या कामाला इतका मान रेल्वेनंसुद्धा दिला नव्हता.

मग बासष्ट साल आलं आणि चीनशी लढाई लागली. मामांच्या दारावर पाटी होती, 'अस्सल चिनी पद्धतीने दम्यावर उपाय'. गल्लीतली माणसं जमली. म्हणाली, "मामा, पाटी काढा. चिनी चालनार न्हाई."

मामा कोट घालून बाहेर आले. "माझं चीनशी भांडान हाय. काड्यांशी न्हाई."

"ते काय न्हाई. चिनी म्हंजे चिनी."

"असं?" मामा एकेकाच्या दाराकडं बोट करायला लागले. "तुझ्या लोनच्याची बरनी कशाची हाय रं? चिनीमातीची. फोड जा. तुझ्या पुलावात दालचिनी हाय, फेकून दे. आन् तू रं, तू कपबशीतनं च्या पितोस का न्हाई?"

बरणी फोडायची कुणाची तयारी नव्हती, आंब्याचं लोणचं नुकतंच मुरलेलं. शेवटी तोड निघाली. वडिलांनी रेल्वेचं डांबर आणलं आणि पाटीवरच्या 'चिनी' ह्या शब्दावर एक पट्टा मारला. मग पाटी झाली, 'अस्सल, पुढं काळं, पद्धतीने दम्यावर उपाय'. नवीन माणूस विचारायचा, अस्सल कसली पद्धत? मामा म्हणायचे, "अस्सल काळी."

आणि दुसऱ्या दिवशी हेच मामा कोट-टोपी चढवून साताऱ्याला भरतीच्या हाफिसात हजर. पन्नाशी कधीच उलटून गेलेली. 'मला घ्या, चिन्यांची पडशी-खोकली सगळी मला ठावी हाईत' म्हणाले. घेतलं नाही. पण परत आले ते खुशीत. साहेबाची जीभ बघून आले होते.

आता माझं ऐक. मी अठरा-एकोणीस वर्षांची झाले आणि आईनं स्थळं बघायला घेतली. त्या काळात मुलीला दमा म्हटलं की संपलं. पहिलं स्थळ कऱ्हाडचं. मला समोर बसवलं, माझी छाती भीतीनं आवळली, आणि शिट्टी वाजली. मुलाचा काका म्हणाला, "गाडी आली वाटतं." त्या वेळेला गाडी नव्हती. ते उठून गेले. दुसरं स्थळ तर चहासुद्धा न घेता गेलं. आई रडायची आणि मला म्हणायची, "आता हे तिसरं. ह्यांच्या कानावर शिट्टी गेली तर तू जन्मभर इथंच बसशील, गाड्या मोजत."

तिसरं म्हणजे इस्लामपूरचं. मुलगा साखर कारखान्यात फिटर. तुझे आजोबा गं!

मामांनी सगळी सूत्रं हातात घेतली. "पोरी, भिऊ नगं. पाव्हन्यांच्या म्होरं जायच्या आधी अर्धी वाटी मावांग. छाती अशी मोकळी हुईल की तुझ्या बोलन्याचा आवाज साताऱ्याला जाईल." आणि त्या दिवशी त्यांनी स्वतः आमच्या चुलीवर मडकं चढवलं. पण मामा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. एक चिमूट टाकली, मग पुरणार नाही म्हणून दुसरी, मग उस्तादाच्या नावानं आणखी एक. काढा झाला भरपूर आणि चांगला तांबडा. तो मडक्यासकट चुलीच्या कडेला ठेवून मामा उलटे चालत बाहेर गेले, पाहुण्यांना बसवायला.

पाहुणे चार येतो म्हणाले होते. आले दहा-बारा. आत्या, मावशी, मावशीचे दीर, सगळे. गाडीला जागा मिळाली म्हणून आले म्हणाले. आई मला पातळ नेसवत होती. चहा करायला पलीकडच्या खोलीतली काकू आलेली. मोठी कामसू बाई. आता आपल्याकडं पाहुणे वाढले म्हणजे काय करतात? चहा वाढवतात. पातेल्यात आणखी पाणी, आणखी गूळ, की झालं. काकूनं बघितलं, चुलीच्या कडेला मडक्यात तांबडं पाणी गरम तयारच आहे. तिला वाटलं, शहाण्या आईनं आधीच चहाचं पाणी उकळून ठेवलंय. तिनं ते मडकं पातेल्यात उपडं केलं. वरून आलं, वेलदोडा, दूध. आणि मी मान खाली घालून तो ट्रे घेऊन बाहेर गेले, प्रत्येकाला वाकून कप दिला, आणि आत आले.

मामा मागच्या दारानं माझी अर्धी वाटी द्यायला आले. मडक्यात डोकावले. मडकं हलवलं. उलटं केलं.

"काढा कुठाय?"

"कसला काढा? ते च्याचं पानी व्हय?" काकू म्हणाली. "घातलं की च्यात. पाव्हनं वाढलं, मग काय करू?"

मामा दाराच्या फटीतून बाहेरचे कप मोजायला लागले.

आई घाबरली. "आता काय हुईल ओ मामा?"

"आता त्यास्नी दमा असला तर जाईल."

"आवं पर त्यास्नी दमा न्हाई!"

"त्येच तर म्हन्तोय!"

बाहेर पहिले कप संपले आणि दुसरे मागवले. 'असा चहा कधी घेतला नव्हता' म्हणाले. मला परत बाहेर जाऊन बसायचं होतं, बिनकाढ्याची. गेले.

थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग मुलाचे वडील बोलायला लागले. हा माणूस स्टेशनावर उतरल्यापासून फक्त 'हूं' म्हणाला होता. घरीही तसाच, हे मला पुढं कळलं. ते आता उसाबद्दल बोलायला लागले, उसावरून बैलावर आले, बैलावरून त्यांच्या शाळेतल्या मास्तरांवर, प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. त्यांची बायको त्यांच्याकडं असं बघत होती, जसं काही शेजारी कुणी परकाच येऊन बसलाय. मावशींचा पाय शिवणाच्या मशिनीवर ठेवल्यासारखा हलत होता. मावशींचे दीर उठले, ओसरीवर तीन-चार फेऱ्या मारल्या, वर बघितलं, म्हणाले, "कौलं सरकली हाईत," आणि शिडी लावून चढले. मुलगी बघायला आलेला माणूस आमची कौलं नीट करत होता! आणि तुझे आजोबा? कपाळावर घाम. त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. रुमालानं तोंड पुसलं आणि परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझे वडील म्हणाले, "पोरगं चौकस हाय."

मग मुलाच्या वडिलांना एकदम आठवलं. "आरं, बुद्धवंदना ऱ्हायली की! म्हन पोरी, तू म्हन, आमी मागनं म्हन्तो."

आईचा चेहरा पांढरा झाला. बोलताना शिट्टी लपवता येते, एक-दोन शब्दांत उत्तर देऊन. वंदनेला दम लागतो. पण नाही कसं म्हणणार? मी फोटोपुढं हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी सुरू केलं, 'बुद्धं सरणं गच्छामि.' आणि मागून पाहुणे जे सुटले! त्यांच्या अंगात मावांग भिनलेलं. मेल गाडी जशी लहान स्टेशनं सोडून पळते तशी त्यांची वंदना पळायला लागली. मी त्यांना गाठू जाते, छाती आवळते, आणखी गाठू जाते, आणखी आवळते. 'ततियम्पि'ला, म्हणजे तिसऱ्या आवर्तनाला, ते सगळे पोचून थांबले. मी मागंच राहिलेले. खोली शांत. आणि त्या शांततेत माझ्या छातीतली शिट्टी वाजली. लांब. स्वच्छ.

आईनं डोळे उघडलेच नाहीत. वडील फोटोकडं बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढं कऱ्हाडचा काका उभा राहिला.

मुलाच्या आईनं डोळे उघडले. बारीक अंगाची, आतापर्यंत न बोललेली बाई. मान वळवून विचारलं, "दम्याची शिट्टी वाजतीया. कुनाला हाय दमा?"

"मला!"

दारात मामा. कोट घातलेले, ताठ, सॅल्यूटला उभे राहावं तसे. खिडकीला निम्मी गल्ली लागलेली, पाटीलसुद्धा. मामांच्या डोक्यावर, दाराच्या बाहेरच्या अंगाला, ती दम्याची पाटी. आणि मामा खोकले. असं खोकले की माळेतल्या चार साली खाली पडल्या.

"लय जुना दमा हाय मला," मामा म्हणाले. "कुठं बी कवा बी वाजतो."

मुलाच्या वडिलांचं तोंड तर उघडलेलंच होतं. "पर भाईर पाटी तुमचीच ना? दम्यावर उपाय?"

"पाटी दुसऱ्यांसाठी हाय."

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांची मान हलली नाही. परत खोकले.

मुलाची आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. मामांना आत घ्या, दारात वारा लागतूया त्यास्नी." आणि थांबून, "हा च्या कुनी केला? मला ह्यातलं बरूबर न्यायला पायजे. लय दिसांनी माझी छाती मोकळी झालीया."

आणि पसंती दिली. मावशींचे दीर वरून, कौलांतून म्हणाले, "माझीबी पसंती!"

त्या चहाचं पुढं काय झालं तेही ऐक, नाहीतर ती पुडी उघडून बसशील. तुझ्या पणजोबांची छाती दुसऱ्या दिवसापर्यंत धडधडत होती. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी काड्या बघितल्या आणि चष्मा काढून म्हणाले, "हे औषध खरंखुरं आहे, म्हणूनच भीती. एखाद्याचं काळीज थांबलं असतं तर?" मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर जीभ बघायच्या आधी ते छातीला कान लावायचे, आणि काळजाची तक्रार असलेल्याला काडी देईनात.

द्यायला तरी कोण उरलं होतं म्हणा! दम्याच्या वैद्यालाच दमा, ही बातमी बाजारच्या दिवसापर्यंत आसपासच्या सगळ्या गावांत गेली. सकाळी ओसरीवर माणसं बसलेली असायची, ती बंद झाली. ओसरी रिकामी आणि मामा एकटेच माळेखाली बसलेले. मला बघवेना. एक दिवस म्हटलं, "मामा, सांगून टाकू का सगळ्यांना?"

"गप बस! लगीन हुईस्तोवर मला दमा हाय," मामा म्हणाले. "आन् लय बरं झालं. रोज उठून लोकांच्या जिभा बघून मला जेवन जाईना झालं हुतं."

बोलले खरं, पण त्याच दिवशी नवीन स्टेशनमास्तर आले, तर मामा फलाटावर पळत गेले. मास्तर गावात नवे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. बिचाऱ्यांनी जीभ काढली. मामा ती इतका वेळ बघत राहिले की गाडीला उशीर झाला.

लग्न कोरेगावलाच झालं. पाठवणी रेल्वेनं, ताकारीपर्यंत, पुढं एस.टी. आई रडत होती, वडील त्या दिवशीही ड्युटीवर, हातात हिरवं निशाण घेऊन. आणि मामा कोट घालून फलाटावर. माझी सासू डब्यात चढली, खिडकीशी बसली. तशी मामांनी खोकायला सुरुवात केली. लग्न झालं होतं गं, अक्षता पडल्या होत्या, आता काय गरज होती? पण मामांचा हिशेब वेगळा. जोपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांपुढं होते तोपर्यंत त्यांची पोस्ट सोडायची नाही. सगळं कोरेगाव फलाटावर लोटलेलं. ज्या माणसांची छाती त्यांनी मोकळी केली होती तीच माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होती. आणि मामा, एक हात कपाळाला सॅल्यूटचा, दुसरा छातीवर, खोकतायत.

गाडी हलली. मामा खोकत चालायला लागले, गाडीबरोबर. फलाट संपला तिथं थांबले. लहान लहान होत गेले. आवाज ऐकू येईना झाला, तरी त्यांचे खांदे हलताना दिसत होते. तो माणूस माझ्यासाठी खोकत होता, आणि मी खिडकीत रडत होते, आणि रडण्यानं माझी छाती आवळत चाललेली, शिट्टी यायला लागलेली. मी पदर तोंडात कोंबला. सासू शेजारीच.

सासूनं मान बाहेर काढून मामांकडं बघितलं. मग म्हणाली, "किती खोटं खोकतोय बिचारा."

मी पदर आणखी आत कोंबला.

"दम्याचा खोकला असा नसतो गं. मला कळत न्हाई व्हय? आमच्या घरात कुनाला ठावं न्हाई, पर माझ्या छातीत तीच शिट्टी हाय. सासरी आल्यापास्नं दाबून धरलीया." असं म्हणून तिनं माझ्या तोंडातला पदर काढला, आणि माझ्या अंगावरून वाकून खिडकीची फळी धाडकन खाली ओढली. "लाव ही खिडकी. इंजनाचा धूर येतूया. आपल्या दोघींना सोसायचा न्हाई."

चल, ऊठ आता. तुझी पुण्याची गाडी चुकेल आणि नाव माझ्या बडबडीवर येईल. पदर... नव्हे, तुझा तो रुमाल नाकाला बांध, रस्त्याला धूळ फार आहे. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला फोनवर सांगायचं नाही. फोनवर तू दम लपवतेस आणि मला कानानं कमी ऐकू येतं. येऊन सांग. राहायला ये, दोन दिवस तरी. ह्याच महिन्यात ये गं, मी वाट बघते.